डबा पोचला पाहिजे

(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



लखनौचे नाव निघाले की मराठी मनाला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण होते. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने त्या नगरीत संगीताचे महाविद्यालय उभे राहिले. आज ते विद्यापीठ झाले असून भातखंडे यांचेच नाव अभिमानाने धारण करीत आहे. त्याच लखनौचे नाव गेल्या वर्षी एका अगदी निराळ्या कारणाने घरोघरी पोचले. २५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांनी फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रावरून उड्डाण केले आणि दुसऱ्या दिवशी ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात दाखल झाले. राकेश शर्मा यांच्यानंतर एकेचाळीस वर्षांनी एक भारतीय अंतराळवीर अवकाशात गेला होता, आणि त्या स्थानकात पाऊल ठेवणारा तर तो पहिलाच भारतीय. शुक्ला लखनौचे, त्यांचे शालेय शिक्षणही तिथल्याच अलीगंज भागातील सिटी मॉन्टेसरी शाळेत झाले.

३ जुलै रोजी लखनौच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याशी थेट संवाद साधण्याची संधी मिळाली. मोठ्या माणसांनी कदाचित गुरुत्वाकर्षणाविषयी आणि संशोधनाविषयी विचारले असते. मुलांनी मुलांसारखे प्रश्न विचारले. तिथे झोपता कसे? आजारी पडलात तर काय करता? आणि खाता काय? शुक्लांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. अन्न बहुतेक आधीच तयार करून पाकिटांत बंद केलेले असते, असे सांगून आपण गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस बरोबर आणल्याचेही त्यांनी सांगितले. आमरसाचे नाव ऐकून महाराष्ट्रातही अनेकांच्या चेहऱ्यावर हसू उमटले असेल.

प्रश्न भाबडा वाटतो. परंतु अंतराळ स्थानकाचे सारे अस्तित्व त्यावरच उभे आहे. आमरस बरोबर नेता येतो, पण तो चार दिवसांत संपतो. जी माणसे तिथे सहा-सहा महिने राहतात, त्यांचे काय? त्यांचे अन्न, त्यांचे कपडे, त्यांच्या यंत्रांचे सुटे भाग त्यांच्यापर्यंत कोण पोचवितो?

त्याचे उत्तर त्याच रात्री उड्डाणाच्या तयारीत उभे होते. भारतात मध्यरात्र उलटून गेल्यावर कझाकस्तानातील बायकोनूर येथून 'प्रोग्रेस एमएस-३१' नावाचे एक यान आकाशात झेपावले. त्यात एकही माणूस नव्हता. होते ते अडीच टनांहून अधिक सामान: अन्न, पाणी, इंधन, प्रयोगांचे साहित्य. दोन दिवस प्रवास करून ६ जुलैच्या पहाटे, भारतीय वेळेनुसार तीनच्या सुमारास, ते कोणाचाही हात न लागता स्थानकाला जाऊन जोडले गेले. शुक्ला तेव्हा तिथेच होते. त्यांच्या उड्डाणाची बातमी देशातल्या प्रत्येक वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर होती. या दुसऱ्या यानाचे नाव मात्र फारच थोड्यांच्या वाचनात आले. आजचे हे विवेचन त्या दुसऱ्या यानाविषयी आणि त्याच्या जातभाईंविषयी आहे.

सभागृहात बसलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी विज्ञानाच्या पुस्तकाची गरज पडणार नाही. खेड्यातून तालुक्याच्या गावी शिकायला आलेल्या एका संपूर्ण पिढीने एसटीने येणारा डबा खाल्लेला आहे. पहाटे आईने भाकरी थापायची, वडिलांनी किंवा धाकट्या भावाने डबा फडक्यात बांधून पहिल्या गाडीच्या चालकाकडे द्यायचा, आणि दहा-साडेदहाला मुलाने स्थानकावर जाऊन डब्यांच्या रांगेतून आपला डबा ओळखायचा. डब्याबरोबर घरचे कोणीही येत नसे. डबा एकटा प्रवास करीत असे. तो आला म्हणजे घर आले, आणि गाडी चुकली, पुलावरून पाणी गेले, तर त्या दिवशी वसतिगृहातील मित्राच्या डब्यात दोन घास. मानवविरहित मालवाहू अंतराळयान म्हणजे हा डबाच होय. फरक इतकाच, की इथे स्थानक जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर आहे, ते ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने धावत आहे, आणि डबा चुकला तर शेजारी मित्र नाही.

या व्यवस्थेचा इतिहास फार जुना नाही. साठ वर्षांपूर्वी, ज्या वर्षी या शाळेची पहिली घंटा वाजली त्याच १९६६ मध्ये, १६ मार्च रोजी दोन याने अवकाशात प्रथमच एकमेकांना जोडली गेली. 'जेमिनी-८' मधील नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी आपले यान 'अजेना' या निर्मनुष्य यानाला जोडले. जोडणी यशस्वी झाली. पण थोड्याच वेळात जोडलेली याने गरगर फिरू लागली आणि मोहीम अर्धवट टाकून दोघांना त्याच दिवशी परतावे लागले. पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९६७ रोजी, सोव्हिएत संघाच्या 'कॉसमॉस-१८६' आणि 'कॉसमॉस-१८८' या दोन यानांनी माणसाच्या मदतीवाचून एकमेकांना गाठले. अवकाशात वस्तू आपली आपण पोचू शकते, याचा तो पहिला पुरावा.

तरीही सुरुवातीच्या स्थानकांचे आयुष्य शिदोरीइतकेच असे. अमेरिकेने १९७३ मध्ये 'स्कायलॅब' सोडले, तेव्हा तिन्ही तुकड्यांना लागणारे बहुतेक अन्नपाणी त्यातच भरून पाठविले होते. घरातून निघताना बांधलेली शिदोरी संपली की मुक्काम संपला, असा तो हिशेब. तिथे सर्वाधिक मुक्काम झाला तो ८४ दिवसांचा.

हा हिशेब बदलला तो २० जानेवारी १९७८ रोजी. सोव्हिएत संघाच्या 'साल्युत-६' या स्थानकाला पुढून आणि मागून अशी दोन दारे ठेवली होती. एका दाराशी माणसांना घेऊन आलेले यान उभे असताना दुसऱ्या दाराशी मालवाहू यान लागू शकत होते. 'प्रोग्रेस-१' हे पहिले मालवाहू यान सुमारे २,३०० किलो सामान आणि इंधन घेऊन निघाले आणि दोन दिवसांनी त्या मागच्या दाराला जाऊन लागले. आत युरी रोमानेंको आणि गेओर्गी ग्रेच्को वाट पाहत होते. त्या एका फेरीमुळे त्यांचा मुक्काम लांबला. ९६ दिवस राहून त्यांनी स्कायलॅबचा विक्रम मोडला. एका जास्तीच्या दाराने एवढा फरक घडविला! १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा ज्या 'साल्युत-७' वर आठवडाभर राहिले, त्या स्थानकाचा संसारही याच प्रोग्रेस यानांच्या फेऱ्यांवर चालत असे.

तेव्हापासून हे काम अनेक देशांनी उचलले. युरोपची 'एटीव्ही' याने २००८ ते २०१५ या काळात पाच वेळा स्थानकावर जाऊन आली. जपानच्या 'कोनोतोरी' यानांनी २००९ ते २०२० या काळात नऊ फेऱ्या केल्या. कोनोतोरी म्हणजे करकोचा. पक्ष्याचे नाव किती समर्पक! २०१२ मध्ये अमेरिकेतील स्पेसएक्स या खासगी कंपनीचे 'ड्रॅगन' आणि २०१३ मध्ये 'सिग्नस' ही याने या कामात आली. चीनने आपल्या स्थानकांसाठी २०१७ पासून 'तिआनझोऊ' मालिका चालविली आहे. प्रोग्रेस मात्र अजूनही सेवेत आहे. पहिल्या फेरीला आता अठ्ठेचाळीस वर्षे झाली. रूप फारसे न बदलता, आतील यंत्रणा सुधारत ते आपले काम करीत राहिले आहे.

स्थानकाला एवढे काय लागते, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. २ नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. तिथे सामान्यतः सात माणसे राहतात. पाण्याच्या बाबतीत ती कमालीची काटकसरी आहेत. घाम, श्वासातील बाष्प आणि मूत्र हे सारे शुद्ध करून पुन्हा पिण्यायोग्य केले जाते. २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळविण्यापर्यंत या यंत्रणेची मजल गेली. पाण्याचे विघटन करून त्यातून श्वसनासाठी प्राणवायू मिळविला जातो. परंतु उरलेले दोन टक्के भरून काढावेच लागतात, यंत्रांच्या गाळण्या आणि पंप बदलावे लागतात आणि अन्न तर तिथे पिकत नाही. शुक्लांनी तिथे मूग आणि मेथीचे दाणे रुजवून पाहिले. धारवाडच्या संशोधकांचा तो प्रयोग होता. त्या मोडांतून उद्याच्या अंतराळातील मळ्याची आशा जरूर दिसते, पण आजचे जेवण पृथ्वीवरूनच न्यावे लागते.

याशिवाय आणखी एक गरज आहे, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चारशे किलोमीटर उंचीवरही हवेचा अतिविरळ अंश असतोच. त्याच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली सरकत राहते. त्याला पुन्हा वर उचलण्यासाठी इंजिन लागते. जोडलेले प्रोग्रेस यान आपले इंजिन चालवून सुमारे सव्वाचारशे टनांचे हे घर वर ढकलते. डबा घेऊन आलेल्या गाडीनेच वसतिगृहाच्या भिंतीला खांदा द्यावा, तसा हा प्रकार आहे.

आता त्याच्या प्रवासाची रीत. मालवाहू यान प्रथम स्थानकाच्या खालच्या कक्षेत सोडले जाते. खालची कक्षा लहान आणि तिथली गती अधिक, म्हणून ते हळूहळू स्थानकाला गाठत जाते. मग टप्प्याटप्प्याने कक्षा उंचावून ते जवळ येते. यानावरील यंत्रणा रेडिओ लहरींच्या किंवा लेझर किरणांच्या साहाय्याने अंतर, दिशा आणि वेग मोजत राहते. दोघांचाही वेग ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर असला, तरी शेवटच्या क्षणी एकमेकांच्या तुलनेत तो अत्यंत मंद करावा लागतो. प्रोग्रेस स्वतः येऊन दाराला लागते. सिग्नस आणि जपानी याने मात्र दहाएक मीटर अंतरावर थांबतात. स्थानकातील अंतराळवीर एका लांब यांत्रिक हाताने त्यांना अलगद पकडून दाराशी आणतो.

हे सारे ऐकताना सोपे वाटते. ते किती अवघड आहे, हे जेव्हा डबा चुकतो तेव्हाच कळते.

२५ जून १९९७ रोजी, म्हणजे शुक्लांच्या उड्डाणाच्या बरोबर अठ्ठावीस वर्षे आधी, रशियाच्या 'मीर' स्थानकावर प्रोग्रेस यान दूरनियंत्रणाने, हाताने जोडून पाहण्याची चाचणी चालू होती. यानाचा वेग आवरला गेला नाही. सुमारे सात टनांचे यान 'स्पेक्टर' या विभागावर आदळले, भिंतीला छिद्र पडले आणि आतील हवा बाहेर जाऊ लागली. वासिली त्सिब्लियेव्ह, अलेक्सांद्र लाझुत्किन आणि मायकेल फोल या तिघांच्या हाती थोडाच वेळ होता. त्या विभागाच्या दारातून जाणाऱ्या विजेच्या तारा तोडून त्यांनी दार बंद केले आणि उरलेले स्थानक वाचविले. मदत घेऊन येणाराच कसा संकट होऊ शकतो, याचा तो धडा होता.

दुसरा प्रसंग भारतीय मनाला अधिक जवळचा आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान परतताना नष्ट झाले आणि कर्नालची कन्या कल्पना चावला तिच्या सहा सहकाऱ्यांसह निवर्तली. त्यानंतर अमेरिकेची सर्व शटल याने अडीच वर्षे जमिनीवर थांबली. मोठा माल वाहून नेणारी वाट बंद झाली. स्थानकावरील माणसांची संख्या दोनवर आणावी लागली आणि त्या दोघांचा शिधा सर्वस्वी प्रोग्रेसवर अवलंबून राहिला. २००४ च्या अखेरीस लिरॉय चिआओ आणि सालिझान शारिपोव्ह तिथे असताना साठ्याची मोजदाद केली, तेव्हा अन्न अपेक्षेपेक्षा कमी भरले. दोघांनी आपला आहार कमी केला. पुढचे प्रोग्रेस पोचले नाही, तर स्थानक सोडून परतावे लागेल, हे दोघांनाही आणि जमिनीवरील नियंत्रकांनाही ठाऊक होते. २४ डिसेंबरला यान निघाले आणि नाताळच्या रात्री सुखरूप पोचले. घरात पीठ संपत आलेले असताना वाण्याकडून आलेल्या पिशवीचे मोल ज्या घराने जाणले आहे, त्या घराला त्या रात्रीचा आनंद वेगळा सांगावा लागत नाही.

पुढे २०२० मध्ये सिग्नस मालिकेतील एका यानाला 'एस. एस. कल्पना चावला' असे नाव देण्यात आले. साडेतीन टनांहून अधिक सामान घेऊन ते स्थानकावर गेले. त्या सामानात नव्या रचनेचे शौचालयही होते. वीरांगनेचे नाव आणि सामानात शौचालय, हे ऐकून कोणाला विसंगत वाटेल. वस्तुतः त्यात विसंगती मुळीच नाही. माणूस जिथे राहतो तिथे त्याच्या नित्याच्या गरजा भागविणे हे कोणत्याही पराक्रमाइतकेच आवश्यक असते.

तिसरा प्रसंग लागोपाठच्या तीन अपयशांचा. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी सिग्नस यान घेऊन निघालेला अँटारिस अग्निबाण उड्डाणानंतर काही सेकंदांतच स्फोट होऊन कोसळला. २८ एप्रिल २०१५ रोजी निघालेले प्रोग्रेस ताब्यातून सुटले आणि वातावरणात जळून गेले. २८ जून २०१५ रोजी स्पेसएक्सचा अग्निबाण दोन-अडीच मिनिटांतच आकाशात फुटला. आठ महिन्यांत तीन वेगवेगळ्या बनावटीचे तीन डबे गेले. पहिल्या दुर्घटनेत अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांचे प्रयोगही जळाले होते. त्यांपैकी दक्षिण कॅरोलिनातील काही मुलांनी आपला प्रयोग पुन्हा उभा केला आणि तो जूनच्या यानात ठेवला. तोही गेला. शाळेत शिकविणाऱ्या कोणाही माणसाला त्या मुलांच्या चेहऱ्यांची कल्पना करता येईल.

स्थानकावर काही महिन्यांचा राखीव साठा ठेवण्याची शिस्त होती म्हणूनच त्या काळात कोणी उपाशी राहिले नाही. ३ जुलै २०१५ रोजी नवे प्रोग्रेस निघाले आणि ५ जुलैला पोचले; शुक्ला तिथे असताना आलेल्या यानाच्या बरोबर दहा वर्षे आधी. पाठोपाठ ऑगस्टमध्ये जपानचे कोनोतोरी गेले. नासाच्या विनंतीवरून त्यात तातडीचे सामान भरले होते. २४ ऑगस्ट रोजी यांत्रिक हाताने ते यान पकडले, ते किमिया युइ या जपानी अंतराळवीराने. पुढे दहा वर्षांनी जपानने 'एचटीव्ही-एक्स' हे नवे मालवाहू यान बांधले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची पहिली फेरी झाली, तेव्हा त्याला पकडायला स्थानकात पुन्हा युइच होते. आपल्या देशाचा डबा दोनदा आपल्याच हाताने उतरवून घेण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते.

सुनीता विल्यम्स यांचा अनुभवही या संदर्भात सांगण्यासारखा आहे. जून २०२४ मध्ये त्या आणि बुच विल्मोर आठेक दिवसांसाठी म्हणून गेले आणि २८६ दिवसांनी परतले, हे सर्वश्रुत आहे. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की निघण्यापूर्वी दोघांच्या कपड्यांच्या पेट्या यानातून काढून ठेवल्या होत्या. स्थानकावर मूत्राचे पाणी करणाऱ्या यंत्राचा पंप बिघडला होता आणि नव्या पंपाला जागा हवी होती. कपडे की पाणी, असा प्रश्न आल्यावर निर्णय पाण्याच्या बाजूने झाला आणि दोघांनी तो मानला. ऑगस्टमध्ये सिग्नस यान गेले, तेव्हा त्यातून त्यांच्यासाठी कपडे पोचले. कशाला आधी जागा द्यायची, हा विवेक मर्यादित जागेतच शिकता येतो. दोन खोल्यांच्या घरात चार भावंडे वाढविणाऱ्या मातांना तो कोणत्याही प्रशिक्षणावाचून अवगत असतो.

आणि काम संपल्यावर या यानांचे काय होते? ड्रॅगन परत येते. प्रयोगांचे नमुने घेऊन समुद्रात उतरते. प्रोग्रेस, सिग्नस आणि त्यांच्यासारखी इतर याने परत येत नाहीत. रिकामी झालेली यानाची पोकळी स्थानकातील केरकचऱ्याने, जुन्या कपड्यांनी, निकामी सामानाने भरली जाते. मग यान सुटते आणि वातावरणात शिरून जळून जाते. उरलेसुरले अवशेष दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन भागात पडतात. भरलेले येऊन घराची घाण घेऊन जाणारे आणि स्वतः नाहीसे होणारे, असे हे वाहन. त्याच्या स्वागताला तोरणे नसतात आणि निरोपाला गर्दी नसते.

या कथेत भारताचे स्थान कोठे आहे? ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोने 'स्पेडेक्स' मोहिमेत प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाची दोन छोटी याने सोडली. एकाने दुसऱ्याला गाठून जोडून घ्यायचे होते. ठरलेली तारीख एकदा पुढे गेली. दुसऱ्या वेळी यान अपेक्षेपेक्षा अधिक सरकत असल्याचे दिसले, तेव्हा पुन्हा थांबले. १२ जानेवारीला दोन्ही याने पंधरा मीटर आणि मग तीन मीटर अंतरापर्यंत आली. तिथून शास्त्रज्ञांनी त्यांना मुद्दाम मागे घेतले, मिळालेली माहिती तपासली आणि मगच पुढचे पाऊल टाकले. १६ जानेवारी २०२५ रोजी दोन्ही याने जोडली गेली. रशिया, अमेरिका आणि चीन यांच्यानंतर हे साधणारा भारत चौथा देश ठरला. तीन मीटरवरून मागे फिरण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांनीच चार दिवसांनी यश मिळविले, ही गोष्ट परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाने लक्षात ठेवावी अशी आहे.

भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभे करण्याचा संकल्प देशाने सोडला आहे. गगनयानातून भारतीय अंतराळवीर जातील, त्यांचे कौतुक होईल आणि ते व्हायलाच हवे. पण त्या स्थानकात कोणी राहू लागले, की दुसऱ्याच दिवसापासून त्याला डबा लागेल. तो डबा वेळेवर, न चुकता, कोणाच्याही हाताविना दाराशी पोचविणारे यान कोणाला तरी घडवावे लागेल. शुक्लांच्या मोहिमेत त्यांच्यासाठी राखीव म्हणून तयार असलेले ग्रुप कॅप्टन प्रशांत बाळकृष्णन नायर यांनी तेच कठोर प्रशिक्षण पूर्ण केले आणि उड्डाणाच्या दिवशी ते जमिनीवर राहिले. अशा माणसांच्या बळावरच मोहिमा उभ्या राहतात.

पालकांनी मुलांना शुभांशू शुक्लांचे चरित्र अवश्य सांगावे. मात्र त्याबरोबर हेही सांगावे, की अंतराळात जाणारा एक असतो, तर त्याच्या पाण्याच्या गाळणीचा हिशेब ठेवणारे, पाकिटात हलवा बंद करणारे, यानातील प्रत्येक पेटीचे वजन मोजणारे आणि पंधरा मीटर अंतरावर श्वास रोखून पडद्याकडे पाहणारे शेकडो असतात. मुलगा किंवा मुलगी त्या शेकडोंपैकी एक झाली, तरी ती कमी पडली असे नाही.

साठ वर्षांचा हा सोहळा साजरा होत असताना व्यासपीठावर काही मोजकीच माणसे बसली आहेत. शाळा मात्र त्यांच्या एकट्यांच्या बळावर चाललेली नाही. पावसाळ्यात गळक्या खोलीतील बाके रात्री हलविणारे शिपाई, स्वतःचे नाव कोठेही न छापता एखाद्या मुलाची वर्षाची फी भरणारे माजी विद्यार्थी, आणि पहाटे उठून भाकरी बांधून पहिल्या गाडीला देणाऱ्या माता, यांनी ही शाळा उंचीवर टिकविली. घर्षण रोजचेच होते. कोणीतरी दर वेळी खालून खांदा देत राहिले, म्हणून ती खाली सरकली नाही.

लखनौच्या मुलांनी विचारले होते, तुम्ही काय खाता? त्या प्रश्नाला जोडून प्रत्येक घरात आणखी एक प्रश्न विचारला जावा: आणि ते तुमच्यापर्यंत कोण आणून देतो? ज्या मुलाला हा दुसरा प्रश्न सुचेल, त्याचे शिक्षण योग्य दिशेने चालले आहे असे खुशाल समजावे.